न उडणारी माशी आणि माझी एक चूक

गेल्या महिन्यात मी आठवीच्या वर्गात एक चुकीची गोष्ट शिकवली. दुसऱ्याच दिवशी ती दुरुस्तही केली. पण ती चूक माझ्या हातून का झाली, हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहायला बसलो. गोष्ट एका माशीची आहे.

आमची शाळा उर्दू माध्यमाची आहे. तिथे मी उर्दू शिकवतो आणि मराठीही. उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठीत 'माशी' हा शब्द फार छळतो. घरात ती 'मक्खी' असते. मराठीच्या तासाला तीच मुलं तिला कधी 'मासा' करतात, कधी 'मावशी'. अनेकवचनात तर गोंधळच. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'मिठाईवर मावश्या बसल्या होत्या.' मी हसलो, खरं तर त्यात चूकही काढता येईना. ईदच्या दिवशी आमच्या घरी तसंच दृश्य असतं.

तर त्या दिवशी 'माशी' पक्की करून घ्यावी म्हणून मी एक चित्र वर्गात नेलं. एका लेखात ते पाहिलं होतं आणि प्रिंट काढून ठेवलं होतं. मुलांना विचारलं, हे काय आहे? सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "मकडी!" कोळी. मी म्हणालो, नीट पाय मोजा. मोजले तर सहा. कोळ्याला आठ असतात. मग हा कीटक झाला. कोणता? कुणालाच सांगता येईना. ही माशी आहे असं मी सांगितलं, तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हिचे पंख कुठे आहेत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं.

आधी माशीची ओळख करून देतो. तिचं शास्त्रीय नाव मॉर्मोटोमाइया हिर्सूटा. ग्रीक लोककथांत मॉर्मो नावाची एक बागुलबाई आहे. ऐकत नसलेल्या पोरांना आया तिची भीती घालत. 'माइया' म्हणजे माशी, आणि 'हिर्सूटा' म्हणजे केसाळ. थोडक्यात, भयानक केसाळ माशी. ती राहते पूर्व केनियात, थिकाहून गारिस्साकडे जाणाऱ्या वाटेवरच्या उकासी नावाच्या टेकडीत. टेकडी खडकाची आहे आणि त्या खडकात एक उंच, अरुंद कपार आहे. कपारीत वटवाघळं राहतात. वटवाघळांची विष्ठा साचते आणि त्या विष्ठेत या माशीच्या अळ्या वाढतात. माशीचा सगळा संसार तिथेच.

१९३३ साली ही माशी पहिल्यांदा गोळा झाली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये माश्यांचा अभ्यास करणाऱ्या अर्नेस्ट एडवर्ड ऑस्टेन यांनी १९३६ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही माशी त्यांना कोणत्याच ओळखीच्या कुळात बसवता येईना. म्हणून त्यांनी तिच्यासाठी नवी जात केली, नवी प्रजाती केली आणि नवं कुळही केलं. एका माशीसाठी एक आख्खं खानदान! १९४८ साली ती पुन्हा सापडली. त्यानंतर थेट २०१० साली, रॉबर्ट कोपलंड आणि अॅशली कर्क-स्प्रिग्ज या दोन कीटकशास्त्रज्ञांना. मध्ये बासष्ट वर्षं गेली.

आता तिचं शरीर. ते समजायला आधी आपली घरातली माशी पाहायला हवी. चहाच्या कपाच्या काठावर बसते ती.

बहुतेक उडणाऱ्या कीटकांना चार पंख असतात. फुलपाखराला चार, चतुराला चार, मधमाशीलाही चार. खऱ्या माशीला मात्र दोनच. मागचे दोन पंख गेले कुठे? ते गेले नाहीत, त्यांचं काम बदललं. पंखांच्या मागे, दोन्ही बाजूंना, टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक गुंड्या असतात. त्यांना संतोलक म्हणतात. माशी उडते तेव्हा त्याही पंखांच्याच वेगाने हलत असतात आणि शरीर कुठे कललं, कुठे वळलं याची खबर देत राहतात. त्या काढून टाकल्या तर माशीला नीट उडता येत नाही. आपण हात मारतो आणि ती दर वेळी निसटते, त्याचं निम्मं श्रेय या गुंड्यांना आहे. उरलेलं डोळ्यांना. माशीचं डोकं म्हणजे जवळजवळ दोन डोळेच, आणि एकेका डोळ्यात हजारो भिंगं. शरीराचा मधला भाग उघडून पाहिला तर तो पंख हलवणाऱ्या स्नायूंनीच भरलेला दिसतो. घरमाशी सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख हलवते, ते याच स्नायूंच्या जोरावर. म्हणजे माशी हे मुळात उडण्याचं यंत्र आहे.

आणि उकासीची माशी? लांबी साधारण एक सेंटिमीटर. अंगावर आणि पायांवर लांब, पिवळसर तपकिरी केस, नराच्या अंगावर तर जास्तच. पाय लांब, पसरलेले, म्हणूनच मुलांना तो कोळी वाटला. डोळे अगदी बारीक. संतोलक नावापुरते उरलेले. आणि पंख आहेत, पण कसे? सदऱ्याचा बंद तुटून लोंबत असावा तशा दोन अरुंद पट्ट्या. त्यांनी उडता येत नाही. ही माशी चालते, खडकावर चढते, विष्ठेतून वाट काढते. उडत मात्र नाही.

पुढच्या बाकावरच्या मुलीला मी त्या पट्ट्या बोट ठेवून दाखवल्या. मग नेमकं काय झालं ते सांगतो.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याला मी त्याच तासाला मराठीचा एक परिच्छेद वाचायला लावला होता. चार ओळींत तो सात वेळा अडखळला. उर्दूच्या तासालाही त्याची हीच गत. मला राग आला होता आणि तो अजून उतरला नव्हता. माशीच्या पंखांवर बोट ठेवून मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "पाहिलंस? हिने पंख वापरले नाहीत. आळस केला. म्हणून ते झडले. मग हिच्या पोरांनाही पंख आले नाहीत. वाचलं नाही तर जबान अशीच झडते. तुझी झडेल, मग तुझ्या पोरांनाही येणार नाही." एवढ्यावर थांबलो नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'जे वापरत नाही, ते झडून जातं.' आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगितलं.

सगळ्यांनी लिहून घेतलं. त्याने नाही. तो उभा राहिला आणि अडखळत मराठीत म्हणाला, "सर, माझे दादाचे दोन बोट लूममध्ये गेले."

मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ. मी घाबरलो. विचारलं, कधी? दवाखान्यात नेलं का? मुलं हसायला लागली. मग लक्षात आलं, तो उर्दूतले दादा म्हणत होता, म्हणजे आजोबा. आमचं गाव पॉवरलूमचं. हाताची बोटं पुरती नसलेली म्हातारी माणसं इथे प्रत्येक गल्लीत भेटतात. मी म्हणालो, बरं मग? तो म्हणाला, "अब्बाला दहा बोट आहेत. मला पण." त्याने दोन्ही पंजे पसरून वर केले.

मला वाटलं, पोरगं विषय बदलतंय. "बस खाली," म्हणालो. तास संपला.

स्टाफरूममध्ये हा किस्सा हसत हसत सांगितला. आमचे विज्ञानाचे सर डबा खात होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "मुलगा बरोबर आहे. तुम्ही चूक." मी म्हणालो, कसं काय? तर म्हणाले, "दादांची बोटं तुटली म्हणून नातवाची कमी झाली का? नाही ना? बापाच्या शरीराला आयुष्यात जे झालं ते पोराच्या शरीरात उतरत नाही. आणि राहू द्या सर, आपल्याकडे खतना किती पिढ्या चालू आहे? आजवर एक तरी मूल..." पुढचं वाक्य त्यांना पुरं करावं लागलं नाही.

त्या रात्री मी वाचत बसलो. कळलं ते असं, की माझी चूक जुनी आणि मोठ्या घराण्यातली आहे. लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०९ साली हेच मांडलं होतं: अवयव वापरला की वाढतो, न वापरला की खुरटतो, आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो. जमिनीखाली राहणाऱ्या चिचुंद्रीसारख्या प्राण्यांचे बारीक डोळे हे त्याचं एक उदाहरण. पुढे ऑगस्ट वाइझमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. त्यांच्या पोरांच्याही कापल्या. पाच पिढ्या असं चाललं. ९०१ पिल्लं जन्मली, आणि एकाचीही शेपूट आखूड निघाली नाही. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाने दोन पंजे वर करून जे सांगितलं, तेच या माणसाला सांगायला ९०१ उंदीर लागले.

मग उकासीच्या माशीचे पंख गेले कसे?

याचा एक धागा मला फळांवर घोंगावणाऱ्या बारीक माश्यांमध्ये सापडला. केळी जास्त पिकली की कुठून तरी येतात त्या. उकासीच्या माशीचा डीएनए तपासल्यावर तिची गणना ज्या मोठ्या गटात होते, त्याच गटात या फळमाश्याही येतात. म्हणजे लांबची का होईना, नात्यातलीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी दुधाच्या बाटल्यांमध्ये या फळमाश्या वाढवत. लाखो धडधाकट माश्यांमध्ये कधी तरी एक खुरटलेल्या पंखांची निघे. तिने आळस केलेला नसे. तिचे आईबापही चांगले उडणारे असत. एका जनुकात बदल झालेला असे, एवढंच. तो बदल मात्र पुढच्या पिढ्यांत उतरे.

आता विचार करा. अशी माशी उघड्या बाजारात जन्मली तर एखादा पक्षी किंवा पाल तिला पहिल्याच दिवशी टिपेल. बाटलीत ती मजेत जगते. तिथे खाणं पायाशी आहे आणि उडून जायला जागाच नाही. पंख चांगले की वाईट हे माशी ठरवत नाही, ती जागा ठरवते.

डार्विनने आपल्या १८५९ च्या पुस्तकात मदेरा बेटांवरच्या भुंगेऱ्यांचा हिशेब दिला आहे. ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येत नव्हतं. त्याने सुचवलेलं मुख्य कारण असं, की जे भुंगेरे जास्त उडत ते वाऱ्याने समुद्रात जात, आणि जे कमी उडत ते जगत, त्यांची प्रजा वाढे. मला थोडा धीर आला तो दुसऱ्या एका गोष्टीने. गुहेतल्या प्राण्यांचे डोळे का जातात, हे सांगताना डार्विननेही 'वापर नसल्यामुळे' हेच कारण दिलं होतं. म्हणजे त्या गुहेत ठेचकाळणारा मी पहिलाच नव्हे.

उकासीची कपार म्हणजे अशीच एक जागा. आत अंधार. खाणं, अंडी घालायची जागा, जोडीदार, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेर रखरखीत मुलूख. अशा ठिकाणी उडण्याचे ते दांडगे स्नायू पोसणं म्हणजे फुकटचा खर्च. उघड्यावर ज्या माशीचा खुरटा पंख तिचा जीव घेईल, तिला इथे काहीच होत नाही. तिचा खर्च वाचतो, तिची पिल्लं जगतात. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की पंखांच्या पट्ट्या होतात आणि डोळ्यांचे ठिपके. माशीने काहीही सोडलेलं नसतं. तिला आळशी म्हणणं म्हणजे निव्वळ बदनामी. ती आपल्या जागी पुरती आहे. वटवाघळांच्या एका अंधाऱ्या कपारीत तिने असा संसार थाटलाय की शास्त्रज्ञांना तिच्यासाठी स्वतंत्र कुळ मांडावं लागलं.

इथवर विज्ञान झालं. पण झोप लागली नाही, त्याचं कारण वेगळं होतं.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. तो निर्णय माझाच. दोन महिन्यांपूर्वी अम्मीने जुन्या पेटीतून आमच्या मामूंचं एक पत्र काढलं. अम्मीला आता बारीक अक्षर दिसत नाही. तिने नातीला हाक मारली आणि म्हणाली, "बेटा, ज़रा पढ़ के सुना." माझी मुलगी ते पत्र हातात धरून उभी राहिली. उर्दू बोलते ती, पण लिपी येत नाही. शेवटी म्हणाली, "दादी, अब्बू को बुलाती हूं." उर्दूच्या मास्तराच्या घरात!

मी आलो, पत्र वाचून दाखवलं, कुणी काही बोललं नाही. पण तो काटा तसाच राहिला. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला मी जे बोललो, ते त्याला बोललोच नव्हतो. जबान झडते, पुढच्या पिढीला येत नाही, हे सगळं मी माझ्याच घराबद्दल म्हणत होतो. राग माझा माझ्यावर होता, आणि तो काढला दुसऱ्याच्या पोरावर. माशीवर तर विनाकारणच.

आणि त्या पोराची हकीकत? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारली. रात्री तो वडिलांबरोबर कांड्या भरायला बसतो. लाईट जाते आणि उशिरा येते, त्यामुळे झोपायला एक वाजतो. सकाळी साडेसातला शाळा. "अक्षर दिसतात सर," म्हणाला, "पण हलतात."

त्या दिवशी मराठीच्या तासाला मी पहिल्यांदा फळ्यावर कालचंच वाक्य लिहिलं: 'जे वापरत नाही, ते झडून जातं.' मुलांना सांगितलं, काल हे मी चुकीचं शिकवलं. वहीतलं वाक्य खोडा. वर्ग गप्प झाला. मास्तर चूक कबूल करतात हे त्यांना नवीन होतं. मग मी मागच्या बाकावरच्या मुलाला उभं केलं आणि म्हणालो, कालची दादांची गोष्ट पुन्हा सांग. या वेळी कुणी हसलं नाही. त्याने सांगितली. त्याच्या 'माझे दादाचे दोन बोट' या वाक्याचं 'माझ्या आजोबांची दोन बोटं' असं मराठी आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. मग वाइझमानचे उंदीर सांगितले, मदेराचे भुंगेरे सांगितले, केळ्यावरची माशी सांगितली.

शेवटी भाषेचं सांगितलं, कारण खरी गोम तिथेच होती. शरीर आणि भाषा यांचा हिशेब अगदी उलटा आहे. आजोबांची बोटं तुटली तर नातवाची तुटत नाहीत. पण आजोबांना जे वाचता येत होतं ते बापाने शिकवलं नाही, तर नातवाला ते येत नाही. भाषा रक्तातून उतरत नाही. तोंडातून कानात जाते आणि कागदातून डोळ्यात. म्हणून ती एका पिढीत जाऊ शकते. पण त्याच कारणाने ती एका पिढीत परतही येऊ शकते. उकासीच्या माशीने आज कितीही मनावर घेतलं तरी तिच्या हयातीत तिला पंख फुटणार नाहीत. मुलाला मात्र सहा महिन्यांत वाचता येतं. शिकवणारा हवा आणि झोप पुरी झालेली हवी.

"म्हणजे सर," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "माशीचं उदाहरण द्यायलाच नको होतं."

"नको होतं," मी म्हणालो.

तिने वहीत पानाच्या कडेला लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

मागच्या बाकावरच्या मुलाचे वडील शाळेत आले होते. रात्री अकरानंतर त्याला कांड्यांवर बसवणार नाही म्हणाले. किती दिवस जमेल ते माहीत नाही, धंदा मंदीत आहे. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं तो माझ्याजवळ बसतो, आम्ही रोज एक पान वाचतो. एक दिवस मराठी, एक दिवस उर्दू. परवा चार ओळींत तीन वेळाच अडखळला.

आणि घरी इशाच्या नमाजनंतर अम्मी नातीला अलिफ-बे शिकवते. मुलगी कुरकुर करते, मोबाईलकडे पाहते, पण बसते. मामूंचं पत्र अम्मीने पेटीत परत ठेवलेलं नाही. टेबलावर काचेखाली ठेवलं आहे. पहिली ओळ मुलीला आता वाचता येते.